वीतभर धुरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती बसायच्या आठ दिवस आधी आमच्या ठाण्यात दरवर्षीसारखी शांतता समितीची बैठक झाली. दोन्ही समाजांची मिळून वीसेक माणसं होतो. साहेबांनी मिरवणुकीचा रस्ता सांगितला, डीजे कधी बंद करायचा ते सांगितलं, चहा आला. तेवढ्यात मंडळाचा एक पोरगा उभा राहिला. त्याच्या आज्याची कापसाची बैलबंडी मी कित्येकदा काट्यावर घेतली आहे, मला तो चाचा म्हणतो. म्हणाला, “चाचा, राग नका मानू. तुमच्या धर्मात खरंच शांतता हाय का? मोबाइलवर तर आमाले वेगळंच येते.”

सगळे चूप झाले. साहेब म्हणाले, “चाचा, दोन मिनिटांत सांगून टाका.” मी उठून सांगितलं की इस्लाम आणि सलाम हे एकाच धातूचे शब्द, सलाम म्हणजे शांती. टाळ्या पडल्या, बैठक संपली. घरी येईपर्यंत मात्र मला चैन नव्हती. पोरानं मनापासून विचारलं होतं आणि मी त्याला कमी माप दिलं होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावाचा. तालुक्याच्या बाजारात ३१ वर्षं मापारी होतो. कमी माप दिलं की माणसाच्या पोटात काय होतं ते मी रोज पाहिलं आहे. म्हणून त्या पोराचं राहिलेलं माप या पत्रातून पुरं करतो. पत्र लांबणार आहे, जागा द्यावी ही विनंती.

आधीच सांगतो, मी मौलवी नाही. लहानपणी हाफिजजींकडे कुराण वाचायला शिकलो ते उच्चारापुरतं. अक्षर वाचता येतं, अर्थ कळत नाही, आमच्या गावात बहुतेकांचं असंच आहे. अर्थ वाचला तो काम सुटल्यावर, मराठी अनुवादातून, रोज फजरच्या नमाजनंतर दोन पानं. तेव्हा कळलं की जुम्म्याच्या खुत्ब्याच्या (शुक्रवारच्या प्रवचनाच्या) शेवटी इमामसाहेब जी आयत (कुराणातलं वचन) दर आठवड्याला म्हणतात, जी मी साठ वर्षं मान खाली घालून ऐकत आलो, ती काय सांगते. ‘इन्नल्लाह यअमुरु बिल अद्लि वल एहसान.’ अल्लाह हुकूम करतो अद्लचा आणि एहसानचा. सूरह नहलमधली ती आयत आहे, सूरह म्हणजे कुराणातला अध्याय. अद्ल म्हणजे ज्याचं त्याला, पुरेपूर. एहसान म्हणजे त्याच्याही पुढचं, आपल्या पदरचं घालून केलेलं भलं.

मापाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अद्ल म्हणजे काट्याची सुई मधोमध. एहसान म्हणजे झुकतं माप. हे माझ्या मनचं नाही, हदीसच आहे, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची जपलेली आठवण. सुवैद बिन कैस नावाचे सहाबी (पैगंबरांच्या काळातले अनुयायी) सांगतात की ते आणि त्यांचा सोबती बाहेरून कापड घेऊन मक्केत विकायला आले. पैगंबर साहेब (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) चालत आले, भाव केला, एक पायजमा घेतला. तिथे मजुरीवर तोलून देणारा एक माणूस होता. त्याला ते म्हणाले, “तोल, आणि झुकतं तोल.” त्या काळी किंमत चांदीच्या वजनात द्यायची, म्हणजे झुकतं जाणार होतं ते घेणाऱ्याच्याच खिशातून. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या बाजारात माझ्याच धंद्याचा माणूस उभा होता.

कुराणात ८३ वी सूरह आहे मुतफ्फिफीन. नावाचाच अर्थ मापात मारणारे. सुरुवातच अशी की धिक्कार असो त्यांचा, जे लोकांकडून घेताना पुरं मोजून घेतात आणि लोकांना मोजून देताना कमी देतात. सूरह रहमानमध्ये तर आकाश उभारल्याचं सांगितल्याबरोबर तराजू ठेवल्याचं सांगितलं आहे, आणि लगेच बजावलं आहे की तोलात खोट करू नका. आमच्या बाजारात कडता म्हणजे काय ते कास्तकाराला माहीत आहे. बारदान्याचं म्हणून, ओलीचं म्हणून, काडीकचऱ्याचं म्हणून क्विंटलमागे किलो-दोन किलो सुटतात आणि कास्तकार मान डोलावतो, कारण त्याला संध्याकाळच्या आत घर गाठायचं असतं. मी माझ्या हातानं कडता लावला नाही. काट्यावर खोटं बोललो नाही. बाहेर बोललो, ते पुढे सांगतो.

आधी त्या पोराच्या मोबाइलमधलं. त्याला येतात त्या आयती मला माहीत आहेत, माझ्या नातवानं दाखवल्या. ‘जिथे सापडतील तिथे मारा.’ हे शब्द कुराणात आहेत, नाहीत असं मी म्हणणार नाही. सूरह बकरात आहेत, सूरह तौबातही आहेत. पण बकरामध्ये त्याच्या आधीचीच आयत म्हणते की जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशीच लढा आणि हद्द ओलांडू नका. तौबामध्ये आधीची आयत म्हणते की ज्यांनी तुमच्याशी केलेला करार मोडला नाही, त्यांच्याशी तुम्हीही करार शेवटपर्यंत पाळा. आणि नंतरची म्हणते की त्या शत्रूंपैकी कोणी आसरा मागितला तर त्याला आसरा द्या, आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी नेऊन पोचवा. लढाई चालू असताना शत्रूला घरपोच सोडायला सांगणारी ही ओळ मोबाइलवर कोणी पाठवत नाही. सातबाऱ्याचा मधलाच रकाना फाडून दाखवला तर वावर कोणाचंही ठरवता येतं.

आमच्यातही तो रकाना फाडून घेणारे आहेत, हेही त्याच काट्यावर घालतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, धर्म विचारून मारली, त्यात आपल्या महाराष्ट्राची सहा होती. मेलेल्यांत तिथला एक मुसलमान घोडेवालाही होता. एका निरपराध जिवाला मारणं म्हणजे साऱ्या माणसांना मारणं, हे सूरह माइदात लिहिलं आहे. ज्यांनी बंदूक चालवली त्यांनी हे वाचलं नसेल किंवा वाचून टाकून दिलं असेल. त्यांची वकिली मी करणार नाही. आणि त्यांच्यासाठी मला माफी मागायला कोणी लावत असेल तर त्यालाही एवढंच सांगतो, की त्या दिवशी आमच्या घरी संध्याकाळी चूल पेटली नाही.

आता मूळ गोष्ट. ती माझ्या घरची आहे.

आमच्या वडिलांचं बारा एकर वावर. ते गेल्यावर आम्ही दोघं भाऊ, सहा-सहा एकर. भाईजान माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, बापाच्या जागी. त्यांच्या वाट्याच्या उगवतीला एका कुणबी घराचं चार एकर. तो माणूस भाईजानचा बालमित्र, दोघं एकाच बंडीनं बाजाराला यायचे. तो ऐन उमेदीत गेला. मागे त्याची बायको आणि एक चार वर्षांचं लेकरू राहिलं. आम्ही तिला वहिनी म्हणतो. वावर ती ठोक्यानं द्यायची, कधी मजूर लावून स्वतः करायची.

इकडचे वाचक जाणतातच, धुरा म्हणजे वावराचा बांध एका रात्रीत सरकत नाही. वखरताना एक तास, म्हणजे एक ओळ, जास्त जातं. पुढच्या वर्षी आणखी एक. धुऱ्यावरचं निंबाचं झाड एका उन्हाळ्यात तुटलं. हद्दीचा दगड होता, तो नांगराला लागतो म्हणून काढून विहिरीच्या पाळीला लावला. मी हे सगळं पाहिलं. दगड उचलायला हात लावणाऱ्या दोघांत एक मी होतो.

१५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आमच्याही गावात समिती झाली. गावाला बक्षीस मिळणार म्हणून सगळ्यांना तंटे मिटवायची घाई होती. वहिनीनं अर्ज दिला की माझा धुरा सरकला आहे. समिती मारुतीच्या पारावर बसली. मला बोलावलं, कारण बाजारात मी खरा मोजतो हे गावाला माहीत होतं. अध्यक्ष म्हणाले, “चाचा, तुम्ही सांगाल ते दोघांनाही मान्य.” वहिनी मान हलवून हो म्हणाली. भाईजान माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, “मला नक्की आठवत नाही.”

समितीनं लिहिलं की पुरावा नाही, दोघांनी सामोपचारानं राहावं. वहिनीचा अंगठा घेतला. तंटा मिटला. घरी भाईजाननं माझ्या पाठीवर हात ठेवला, भाभीनं शेवया केल्या. मी स्वतःला समजावलं की घरात शांतता राहिली, गावात शांतता राहिली, अडीच गुंठ्यांचा तर विषय.

दुसऱ्या दिवशी काट्यावर बसलो तेव्हा हातात वजन धरवेना. बकरामध्ये आहे, साक्ष लपवू नका, जो लपवतो त्याचं हृदय पापी आहे. ही आयत तेव्हा मी वाचलेली नव्हती. पण ती वाचण्याआधीच छातीत कळली होती. पुढे सूरह निसाची १३५ वी आयत वाचली. न्यायावर ठाम उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती साक्ष तुमच्या स्वतःविरुद्ध असो, आईबापाविरुद्ध असो की नातलगांविरुद्ध. तो श्रीमंत असो की गरीब, तुम्ही त्याच्याकडे पाहू नका. माझ्यासाठीच लिहिली होती असं वाटलं, आणि मला ती वाचायला चार वर्षं उशीर झाला होता.

२०१२ साली भाईजानचा हजच्या सोडतीत नंबर लागला. आमच्यात रीत आहे की हजला जाण्याआधी माणूस गावभर फिरतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतो, देणं असेल ते फेडतो. कारण नमाज-रोजा हा अल्लाहचा हक्क, तो चुकला तर अल्लाह माफ करील. माणसाचा हक्क मारला तर ते त्या माणसानंच माफ करायचं. भाईजान घरोघर गेले. हिंदूंच्या घरीही गेले, लोकांनी पाया पडून घेतलं, कोणी नारळ दिला. मी सोबत होतो. शेवटी वहिनीचं घर.

ती अंगणात तूर पाखडत होती. भाईजान म्हणाले, “वहिनी, हजला चाललो. काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा.” तिनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला. म्हणाली, “माफी माया हातची हाय भाऊ, थे देल्ली मी. पण वावर माया पोराचं हाय. थे मी कशी देऊ?”

तिनं आवाज चढवला नाही. पुन्हा सूप हातात घेतलं. आम्ही दोघं तसेच उभे होतो.

त्या रात्री भाईजान मशिदीत मौलानांकडे गेले, मलाही नेलं. आमचे मौलाना तेव्हा तिशीतले होते, बाहेरगावचे, पगार तुटपुंजा, आणि पगार देणाऱ्या कमिटीत भाईजान होते. तरी त्या माणसानं दोन हदीस सांगितल्या आणि घोट न गिळता सांगितल्या. एक, जो कोणी वीतभर जमीन अन्यायानं घेईल, कयामतच्या दिवशी ती सात जमिनींपर्यंत त्याच्या गळ्यात घातली जाईल. दुसरी दिवाळखोराची. पैगंबर साहेबांनी एकदा विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही, माल नाही. ते म्हणाले, माझ्या उम्मतचा (अनुयायांमधला) दिवाळखोर तो, जो नमाज, रोजे, जकात (धर्मानं ठरवलेलं दान) सगळं घेऊन येईल, पण याला शिवी दिली, त्याच्यावर आळ घेतला, कोणाचा माल खाल्ला, कोणाला मारलं, असंही घेऊन येईल. मग त्याची पुण्याई एकेकाला वाटून दिली जाईल. ती संपली की त्या लोकांची पापं याच्या डोक्यावर टाकली जातील. मौलाना भाईजानला म्हणाले, “हज करून याल, तो त्या बाईच्या खात्यात जमा होईल.”

भाईजान रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पण मला माझंच जास्त लागलं. जमीन त्यांनी खाल्ली होती, साक्ष मी खाल्ली होती.

सरकारी मोजणीचे पैसे भाईजाननं भरले. मोजणीच्या दिवशी दगड कुठे होता ते मी दाखवलं, विहिरीच्या पाळीतून काढून तोच दगड परत नेला. निंबाचं खोड जमिनीत शिल्लक होतं, ते उकरून दाखवलं. लांबी ६०० फूट, एका टोकाला नऊ फूट सरकलेलं, दुसऱ्या टोकाला काही नाही. अडीच गुंठ्याला किंचित कमी. नऊ फुटांत पऱ्हाटीची तीन तासं बसतात. पाच वर्षांच्या त्या तीन तासांच्या कापसाचा हिशेब मी अंदाजानं केला, झुकता केला, भाईजाननं तेवढे पैसे वहिनीच्या पोराच्या हाती दिले. आणि त्याच पारावर उभं राहून मी गावाला सांगितलं की २००७ नंतरच्या त्या बैठकीत मला सगळं आठवत होतं.

माझ्याच जमातीचे काही लोक माझ्यावर नाराज झाले. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला, आपल्या माणसाची आपणच लाज काढायची का, आधीच लोक आपल्याला नावं ठेवतात. त्यांना मी जे सांगितलं तेच त्या पोरालाही सांगायचं आहे. निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढे काही आयती आहेत, त्यामागची गोष्ट भाष्यकार देतात. मदिनेत एका मुसलमानानं दुसऱ्याचं चिलखत चोरलं. पिठाच्या पोत्यात घालून नेलं, पोत्याला भोक होतं, वाटेवर पीठ सांडत गेलं असं काही जण सांगतात. पकडला जाईन म्हणून त्यानं ते एका ज्यू माणसाकडे ठेवलं आणि आळ त्याच्यावर घातला. चोराचं सगळं गणगोत पैगंबर साहेबांकडे आलं, आमच्या माणसाची बाजू घ्या म्हणून. तेव्हा आयत उतरली की खोटं वागणाऱ्यांच्या बाजूनं भांडू नका. ज्यू सुटला. तेव्हा मुसलमान मदिनेत नवे, चहूकडून वैरी, एकेका माणसाची गरज. तरीही कुराणानं आपल्या माणसाला झाकलं नाही आणि परक्याला अडकू दिलं नाही. चौदाशे वर्षं ती आयत मशिदीमशिदीत वाचली जाते. आपली लाज निघेल म्हणून अल्लाहनं ती गाळली नाही, तर मी कोण?

पोरानं विचारलं शांततेबद्दल आणि चाचा धुऱ्यावर घसरला, असं कोणाला वाटेल. पण धुऱ्यामुळेच मला कुराणातली शांतता समजली. सूरह हुजुरातमध्ये आयत आहे की श्रद्धावानांचे दोन गट भांडले तर त्यांच्यात सुलह (समेट) करा, न्यायानं सुलह करा. सुलह एकट्यानं उभी राहत नाही, तिच्या सोबत अद्ल लावूनच सांगितली आहे. तंटामुक्तीच्या बैठकीत आम्ही सुलह केली होती, पण ती वहिनीच्या वावरातून केली होती. मला शांत राहायचं होतं आणि त्याची किंमत तिनं भरली.

मग स्वतःचं सोडून शांतता घ्यायची की नाही? घ्यायची, आणि तिथेही पैगंबर साहेबांनीच वाट घातली आहे. इसवी सन ६२८ मध्ये ते सुमारे चौदाशे सोबत्यांना घेऊन उमरा (हजहून लहान यात्रा) करायला मक्केकडे निघाले. मक्केजवळ हुदैबियाला मक्केवाल्यांनी त्यांना अडवलं. तह लिहायला बसले. मक्केवाल्यांच्या बाजूनं सुहैल बिन अम्र होता. पैगंबर साहेबांचे जावई हजरत अली लिहीत होते. वर अल्लाहचं नाव रहमान, रहीम असं लिहिलं, सुहैल म्हणाला हे आम्ही जाणत नाही, आमच्या रीतीनं लिहा. मान्य केलं. ‘अल्लाहचे रसूल मुहम्मद’ असं लिहिलं, सुहैल म्हणाला, तुम्हाला रसूल मानलं असतं तर अडवलं कशाला असतं, बापाचं नाव लावा. अलींचा हात खोडायला धजेना. पैगंबर साहेबांनी ते शब्द स्वतः पुसले. अटी तर आणखी कडक. यंदा परत जा, दहा वर्षं लढाई बंद, मक्केतून कोणी पळून आलं तर परत पाठवा. लिहिणं चालू असतानाच सुहैलचा स्वतःचा मुलगा अबू जंदल बेड्यांसकट फरफटत आला, मला घ्या म्हणाला. करार झाला म्हणून त्याला परत पाठवावं लागलं. जवळचे सोबती हजरत उमर तळमळले. ही जागा वाचताना मला आजही जड जाते, अबू जंदलचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण एवढं दिसतं की मान पुसला तो स्वतःच्या नावावरचा पुसला. आणि दोनच वर्षांनी मक्का हाती आली, दहा हजारांचं लष्कर सोबत होतं, तेव्हा छळणाऱ्यांना काय सांगितलं, तर युसूफ नबींनी त्यांना विहिरीत टाकणाऱ्या आपल्या भावांना सांगितलं होतं तेच, आज तुमच्यावर काही दोष नाही.

आपलं सोडायचं ते असं. आपल्या गावात हे झालं आहे, त्या पोरानं स्वतः पाहिलं आहे, त्याला कोणी कुराणाशी जोडून दाखवलं नाही एवढंच. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी ठरवलं की त्या दिवशी नमाज पढू, कुर्बानी दुसऱ्या दिवशी करू. आमच्याकडेही तसंच केलं. त्यात धर्म मोडला नाही, कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहेच. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद जोडून आली, जुलूस एक दिवस पुढे नेला, सरकारनं सुट्टीही २९ ला दिली. आषाढीच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातून दिंडी गेली तेव्हा मशिदीसमोर पाण्याचे ड्रम भरून ठेवले होते, आणि विणेकरीबुवांनी ईदगाहवरून परतणाऱ्यांना रस्ता द्यायला दिंडी थांबवली. हा एहसान. हा मागून घ्यायचा नसतो, ठाण्यात सही करून तर नाहीच.

आणखी एक सांगायचं राहतं, माझ्या रागाचं. मागच्या वर्षी नातवाला कॉलेजसाठी शहरात खोली पाहत होतो. एका घरी सगळं ठरलं, नाव सांगितलं आणि खोली कालच दिली म्हणाले. संध्याकाळी दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच होती. मी उपाशी झोपलो. मनात फार वाईट आलं, त्या घरावर, मग त्यांच्या सगळ्या जातीवर. माइदाची आठवी आयत म्हणते, एखाद्या समाजाचा द्वेष तुम्हाला अन्यायापर्यंत नेऊ नये, न्याय करा. ती आयत वाचायला सोपी आहे. त्या रात्री मला ती दहा वेळा वाचावी लागली. नातवाला शेवटी खोली मिळाली ती एका ब्राह्मण आजींकडे, आणि शिऱ्याची वाटी रोज मिळते ती वेगळी. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही काट्यावर ठेवतो.

दुसऱ्याच्या देवाबद्दल एक आयत आमच्या पोरांसाठी लिहितो, कारण मोबाइल त्यांच्याही हातात आहे. सूरह अनआम, १०८. अल्लाहशिवाय ते ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका. एवढी स्वच्छ. कोणाच्या देवाची टिंगल पुढे ढकलणाऱ्या मुसलमान पोरानं हे वाचावं आणि मग बोट लावावं. पैगंबर साहेबांसमोरून एका ज्यू माणसाचा जनाजा गेला तर ते उठून उभे राहिले. कोणी म्हणालं, तो ज्यू होता. ते म्हणाले, तो जीव नव्हता का?

हिशेबात अजून एक रक्कम बाकी आहे. वर मी लिहिलं, वडिलांचं बारा एकर आणि आम्ही दोघं भाऊ. लिहिताना हात अडला होता. आम्हाला दोन बहिणी आहेत. निसाच्या ११ व्या आयतीप्रमाणे मुलाला दोन तर मुलीला एक. आई आधीच गेलेली. बाराचे सहा भाग, भावांना चार-चार एकर, बहिणींना दोन-दोन. आम्ही काय केलं, तर त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेतलं. सारा गाव तसंच करतो, हिंदूही, आम्हीही. बहिणीनं खुशीनं सोडलं म्हणतात. खुशी होती की माहेरचं दार बंद होईल ही भीती होती, हे कोणी विचारत नाही. मयताच्या खाटेशी बायकोला उभं करून मेहर (निकाहात नवऱ्यानं तिला कबूल केलेली रक्कम) माफ करवून घेतात तेही असंच. दुबळ्याकडून काढून घेतलेली माफी काट्यावर चढत नाही, हे मला वहिनीनं शिकवलं, आणि ते शिकून घरी आल्यावर मला माझ्या बहिणी दिसल्या.

माझ्या वाट्याच्या सहातून दोन एकर मी २०१४ मध्ये दोघींच्या नावे करून दिले. फेरफार झाला, सातबाऱ्यावर नावं लागली. धाकटी म्हणाली, “भाई, जमीन नको होती, तुम्ही विचारलं असतं तरी पुरलं असतं.” मी म्हटलं, विचारायचा तो वेळ मी घालवला, आता जमीनच घे. भाईजानकडचे दोन एकर अजून व्हायचे आहेत. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, हाजीसाहेब म्हणून गाव मान देतो. मी दर ईदला गळाभेट झाली की तेवढं एक वाक्य बोलतो. ते हो म्हणतात. त्यांची मुलं माझ्याशी बोलत नाहीत.

शांतता समितीला माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीला रस्ता, वेळ, डीजे एवढंच नको. गावात कोणाचा धुरा सरकला आहे, कोणाच्या मजुराचा पैसा बुडाला आहे, कोणाच्या विधवेचं पाणी अडलं आहे, तेही तिथे मांडू द्या. माझ्या समाजाकडून असं काही निघालं तर आधी मला बोलवा.

आणि त्या पोराला. बाबू, उत्तर कागदावर मावलं नसेल. दसऱ्यानंतर सोयाबीन निघालं की आमच्या वावराकडे ये. वहिनीचा मुलगाही असतो तिथे, त्याच्या धुऱ्यावर त्यानं नवीन निंब लावलं आहे, आता सावली पडते. दगड त्याच्याच बुडाशी आहे.

पत्राखाली माझं नाव छापू नये. माझं नाव छापलं की भाईजानचं कळेल, आणि ज्यानं चूक मान्य करून जमीन परत केली त्याला उघडं पाडणं आमच्यात पाप आहे.

आपला,
एक निवृत्त मापारी
जिल्हा यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)